नावेचें जुनें इंजिन

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपले पूर्वज सांगून गेले. शिडाच्या नावेंतलें इंजिन पाहावें उघडून, ही तिसरी गोष्ट त्यांना सुचली नाहीं, कारण त्यांच्या गलबतांना इंजिनें नव्हतीं. वारा पडला कीं नांगर टाकावा किंवा वल्हीं मारावीं, आणि वारा पडल्याबद्दल कोणाशीं भांडूं नये, इतका त्यांचा हिशेब साधा होता. आम्हांला मात्र गेले कांहीं महिने एकच प्रश्न छळीत आहे. आमच्या नावेंतलें जुनें डिझेल इंजिन उघडून दुरुस्त करावें, कीं तें काढून टाकून नवें बसवावें?

प्राध्यापकानें नाव बाळगावी हें पुष्कळांना चैनीचें वाटतें. पण १९७८ सालीं इंग्लंडांत बांधलेली ही पस्तीस फुटी नाव एका परदेशी गृहस्थानें मुंबई सोडतांना विकली, ती आम्हीं आणि आमच्या कॉलेजपासूनच्या एका मित्रानें निम्म्या-निम्म्या हिश्शानें घेतली, तेव्हां तेवढ्या पैशांत मुंबईंत मोटार ठेवायला जागाहि मिळाली नसती. इंजिन नावेच्याच वयाचें आहे. तें बनणें बंद होऊन कित्येक वर्षें लोटलीं. सुटे भाग अजून मिळतात.

प्रश्न केवळ पैशाचा असता तर आमच्या मित्रानें तो कागदावरच सोडविला असता, कारण तो हिशेबतपासनीस आहे. परंतु गेल्या एप्रिलांत मांडव्याहून परततांना सूर्यास्ताच्या सुमारास वारा पडला. मुंबई बंदरांत हें नेहमींचेंच. दुपारचा वायव्येचा वारा संध्याकाळीं थकतो. भरती-ओहोटीची ओढ मात्र थकत नाहीं. इंजिन चालूं केलें, तों वीस मिनिटांत त्याची उष्णता चढली, मागें निळा धूर निघाला, आणि न्हावाशेवाकडे जाणाऱ्या जहाजांच्या मार्गांतच तें बंद पडलें. समुद्राकडून एक मालवाहू जहाज येत होतें. आमची मुलगी सुकाणूंवर होती. ती कांहीं बोलली नाहीं. एकदां आमच्याकडे आणि एकदां जहाजाकडे तिनें पाहिलें. ओढीनें आम्हांला हळूहळू बाजूला नेलें व तें जहाज दोनशें हातांवरून निघून गेलें. त्या पाव तासाची किंमत कोणत्या खात्यांत मांडावी, हें आमच्या मित्रालाहि सांगतां आलें नाहीं.

भाऊच्या धक्क्याजवळच्या एका वयस्क मिस्त्रींना आम्हीं बोलावलें. उष्णता चढण्याचें कारण त्यांनीं दहा मिनिटांत शोधलें. समुद्राचें पाणी ओढणाऱ्या पंपाचा आंस झिजला होता. धुराचें कारण अधिक खोल होतें. धुराला स्वतःची भाषा असते. काळा धूर म्हणजे तेल जास्त व हवा कमी, पांढरा म्हणजे तेल न जळतांच बाहेर पडतें आहे, आणि निळा म्हणजे इंजिन स्वतःचें वंगण खात आहे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा तिच्या मूळ आकाराच्या सुमारें विसाव्या हिश्शाइतकी दाबली, कीं ती इतकी तापते कीं तिच्यांत फवारलेलें तेल आपोआप पेटतें. म्हणून दाब गेला कीं सर्वच गेलें. मिस्त्रींनीं चारहि सिलिंडरांचा दाब मोजला. तीन ठीक होते, दुसऱ्याचा फार उतरला होता.

ज्या रुडॉल्फ डिझेलनें ही युक्ति काढली, त्याचें १८९७ सालचें आउग्सबुर्ग येथील इंजिन दहा फूट उंच होतें आणि शक्ति मात्र सुमारें वीस घोड्यांची. पुढें १९१३ च्या सप्टेंबरांत अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या आगबोटीवरून तो स्वतःच एका रात्रीं नाहींसा झाला. समुद्रावर जाणाऱ्यानें ही गोष्ट फार वेळ मनांत घोळवूं नये.

दुरुस्तीचा अंदाज साडेतीन लाखांचा झाला. नव्या इंजिनाची किंमत आठ लाख. पण तेवढ्यावर भागत नाहीं. नव्याची बैठक जुन्यावर बसत नाहीं, शाफ्ट बदलावा लागतो, पंखा बदलावा लागतो, धुराची नळी निराळ्या मापाची लागते. आणि हें सारें धरून आंकडा तेरा लाखांवर जातो. शिवाय विक्रेत्यानें मोठ्या शक्तीचें इंजिन सुचविलें. या ठिकाणीं विल्यम फ्रूडचे उपकार मानले पाहिजेत. १८७२ सालीं टॉर्की येथें हौदांत नावांच्या लहान प्रतिकृति ओढून त्यानें पाण्याचा विरोध मोजला. नाव वेगानें जाऊं लागली कीं ती स्वतःच लाट उठविते आणि त्या लाटेच्या खळग्यांत अडकून पडते. पाण्यावरील लांबीचें फुटांतलें वर्गमूळ घेऊन त्याला १·३४ नें गुणावें. आमच्या नावेची ती लांबी २५ फूट, म्हणून मर्यादा ६·७ सागरी मैल. अधिक घोडे जुंपले तर डिझेल मात्र अधिक जळेल.

"अरे, नवें घातलेंस तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," आमचा मित्र म्हणाला, "आणि जुनें उघडलेंस तर खर्चाला तळ नाहीं. विकून टाकूं या." मग थोडें थांबून म्हणाला, "माझे गुडघे आतां मला डेकवर चढूं देत नाहींत." हें त्यानें पूर्वीं कधीं सांगितलें नव्हतें. इतके दिवस आम्ही इंजिनाविषयीं वाद घालीत होतों आणि तो दुसऱ्याच कशाविषयीं बोलत होता.

दारूखान्यांत मोडलेल्या जहाजांचीं इंजिनें स्वस्त मिळतात, हा मार्ग मिस्त्रींनीं उडवून लावला. "ज्याचा इतिहास ठाऊक नाहीं तें घेऊं नका, साहेब. तुमच्या इंजिनाचं दुखणं निदान मला माहीत आहे." त्यांच्या या वाक्यानें आमचा निर्णय बराचसा झाला. नीट दुरुस्त केलेलें असें इंजिन तीन हजार तास सहज चालतें. आम्ही वर्षाला सुमारें ऐंशी तास चालवितों. म्हणजे सदतीस वर्षें पुरेल, आणि तेव्हां आम्ही त्र्याण्णव वर्षांचे असूं. नव्याचे तास याहूनहि अधिक. ते आम्ही कोणासाठीं विकत घ्यावे? नावेंतलीं इंजिनें कामानें थोडीं मरतात. बसून राहिल्यानें, दमटपणानें आणि गंजानें फार मरतात. ज्याला दर आठवड्याला हातानें फिरवून पाहावेंसें वाटेल, तेंच आपलें इंजिन.

म्हणून दुरुस्तीच ठरली, मात्र एका अटीवर. ब्लॉकला तडा निघाला किंवा क्रँकशाफ्ट मर्यादेबाहेर झिजलेला निघाला, तर नवें. इंजिन उघडलें त्या दिवशीं मित्र आला, एका पिंपावर बसला आणि खर्चाची वही घेऊन राहिला. निम्मा हिस्सा त्यानें आधींच पाठविला होता. मुलगी नट आणि बोल्ट मोजून निरनिराळ्या डब्यांत भरीत होती व डब्यांवर आंकडे घालीत होती. दुसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगा तुटलेल्या निघाल्या, लायनरवर उभे ओरखडे होते. ब्लॉक शाबूत आहे. क्रँकशाफ्ट मिस्त्रींनीं तीनदां मोजला आणि मान हलविली, मापांत आहे.

लायनर इंग्लंडांतून निघाले आहेत. "सामान मेअखेर आलं तर बरं, साहेब," मिस्त्री म्हणाले, "एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. मग सगळ्या होड्या माझ्याच दारांत."