आधी बांगड्या काढा

"वहिनी, आधी बांगड्या काढा. अंगठीसुद्धा."

पापडीचे बॅटरीवाले काका असं म्हणाले तेव्हा मी चपापलेच. सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून सगळं पाहत होत्या. घरच्या सुनेला भर दुपारी बांगड्या उतरवायला सांगणारा हा कोण, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं होतं. काकांनी शांतपणे हातातला पाना पुढे केला. त्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. म्हणाले, "बॅटरीचं लाल टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये धातू अडकला की क्षणात लालबुंद होतो. मग तो पाना असो की सोन्याची बांगडी. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण मनगट भाजून निघतं."

"काढ गं," सासूबाईच म्हणाल्या.

गाडीच्या बॅटरीशी माझं काय काम, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी २०१८ च्या जुलैपर्यंत मागं जायला हवं.

त्या पावसाची आठवण वसई-विरारच्या बायका अजून काढतात. १० जुलैला नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, रेल्वे बंद पडली, अडकलेल्या गाड्यांतल्या माणसांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढलं. मिठागरातल्या वस्तीला पाण्याचा वेढा पडला. आमच्या इमारतीचा चौथरा उंच, म्हणून पाणी पायऱ्यांपर्यंत येऊन थांबलं. पण वीज गेली ती गेलीच. पहिल्या दिवशी मेणबत्त्यांची गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी फोन बंद पडले, टाकीतलं पाणी संपलं. आणि त्या संध्याकाळी सासूबाईंना दम लागला.

त्यांचा दमा जुना. पावसाळी हवेत जास्तच. घरात नेब्युलायझर आहे. औषध घातलं, दहा मिनिटं वाफ घेतली की छाती मोकळी होते. पण तो विजेवर चालतो! तिसऱ्या मजल्यावर, अंधारात, त्या खिडकीशी बसून श्वास ओढत होत्या आणि ते यंत्र टेबलावर नुसतं शोभेला होतं. स्वयंपाकघरातला गॅस, भरलेले डबे, सगळं असून बाईमाणसाचे हात बांधल्यासारखे होतात, ते मी त्या रात्री अनुभवलं.

ह्यांना एकदम आठवलं. ह्यांनी कधीतरी मोबाइल चार्ज करायला म्हणून गाडीत लावायचा एक छोटा इन्व्हर्टर घेतला होता. घरातल्या इन्व्हर्टरचाच हा धाकटा भाऊ, पण स्वतःची बॅटरी नसलेला. गाडीच्या बॅटरीची बारा व्होल्टची वीज घ्यायची आणि तिची घरातल्यासारखी २३० व्होल्टची करून द्यायची, एवढंच त्याचं काम. पिन गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात बसते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३०० वॅट. झालं तर मग! सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोन मुलांनी तीन मजले खाली आणलं, गाडीत बसवलं, यंत्र जोडलं. ते एकदा गुरगुरलं आणि बंद. लायटरचा फ्यूज उडाला होता.

तळमजल्यावरचा एक हुशार मुलगा म्हणाला, "काका, दहाचा फ्यूज आहे, तीसचा टाकतो." टाकला. यंत्र सुरू झालं. सासूबाईंनी तोंडाला मास्क लावला आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. पाच-सहा मिनिटांनी मला जळका वास आला. कुकरची रिंग करपल्यावर येतो ना, तसा. मी पिन ओढली तर ती भोकात वितळून चिकटलेली, बोटाला चटका बसला. शेजारी सीएनजीची गाडी उभी, आमचीही सीएनजीचीच. आत दम लागलेली म्हातारी. नुसतं आठवलं तरी अजून पोटात गोळा येतो.

त्या रात्री त्यांना वाचवलं ते विजेनं नव्हेच. मागच्या गल्लीतले डॉक्टर गुडघाभर पाण्यातून आले, इनहेलर आणि त्याला जोडायची ती प्लॅस्टिकची नळकांडी, स्पेसर म्हणतात तिला, घेऊन. त्यातून थोड्या थोड्या वेळानं औषध ओढायला लावलं. तासाभरानं त्या बोलायला लागल्या. डॉक्टर मला म्हणाले, "स्पेसर नीट वापरला तर बहुतेक वेळा नेब्युलायझरइतकंच काम करतो. त्याला वीज लागत नाही. हा घरात का नव्हता?" खरंच, का नव्हता? दमेकरी ज्यांच्या घरात आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे आजच विचारावं. माझं इन्व्हर्टरपुराण मागाहून वाचलं तरी चालेल.

पाणी ओसरल्यावर मीच गाडी काकांकडे न्यायला लावली. आमचे हे म्हणत होते, आता कशाला ती भानगड. पण मला त्या जळक्या पिनेचं कोडं सोडवायचं होतं. काकांनी ती पिन हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "यंत्राच्या बुडाखालची चिठ्ठी वाचली होती का?"

कोण वाचतं? मिक्सरच्या, इस्त्रीच्या, सगळ्यांच्या बुडाला अशी चिठ्ठी असते. आपण फार तर तिच्यावरची धूळ पुसतो. आमच्या नेब्युलायझरवर लिहिलं होतं १४० व्हीए. म्हणजे ढोबळमानानं १४० वॅटच धरा, असं काका म्हणाले. आणि इन्व्हर्टरच्या खोक्यावर पुढे ३०० असले तरी मागे बारीक अक्षरांत सतत चालवण्यासाठी १५०. ते ३०० म्हणजे क्षणभराचा जोर. साडी सेलमध्ये मोठ्या आकड्यानं 'पन्नास टक्के' लिहितात आणि खाली मुंगीएवढं 'पर्यंत' असतं, त्यातलाच प्रकार! त्यात नेब्युलायझरमध्ये मोटार. मोटार सुरू होताना दुप्पट-तिप्पट वीज मागते.

मग त्यांनी मला हिशेब शिकवला. इतका सोपा, की मला माझाच राग आला. वॅटच्या आकड्याला दहानं भागायचं; येईल तितके अँपियर गाडीच्या बॅटरीतून जाणार. खरं म्हणजे बारानं भागायचं, पण वीज बदलताना थोडी वाया जाते, म्हणून दहा धरायचे. १४० वॅटला चौदा अँपियर. लायटरच्या तारेला फ्यूज दहाचा. म्हणजे तिथं शंभर वॅटच्या वर काही लावायचंच नाही. काही गाड्यांत फ्यूज पंधराचा किंवा वीसचाही असतो, तो आपल्या गाडीच्या पुस्तकात बघावा. मोबाइल, लहान दिवा, एवढ्यापुरतं ते भोक. फ्यूज उडाला म्हणजे गाडीनं 'पुरे' म्हटलं. मोठा फ्यूज टाकणं म्हणजे तिचं तोंड दाबणं, काकांचे शब्द.

"घरी इस्त्रीच्या तारेतून हजार वॅट जातात, ती तार कुठं जळते?" मी विचारलं. तर म्हणाले, घरी २३० व्होल्ट, इथं बारा. एकोणीस-वीस पट कमी. तितकंच काम करायचं तर प्रवाह तितक्या पट जास्त लागतो. ३०० वॅटला घरच्या तारेतून जेमतेम सव्वा अँपियर जातात, गाडीच्या तारेतून तीस. म्हणून गाडीतली तार जाड हवी.

त्यांनी नवा इन्व्हर्टर बसवला तो सतत ३०० वॅट देणारा, 'प्युअर साइन वेव्ह' लिहिलेला. साधा स्वस्त पडतो, पण त्यावर मोटार गुरगुरते आणि तापते. औषधाच्या यंत्राला तो नको. तार दहा चौरस मिलिमीटरची, तांब्याची, थेट बॅटरीपासून. लाल तारेवर चाळीसचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. हा फ्यूज इन्व्हर्टरजवळ का नाही, तर मधली तार कुठं घासली-कापली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग उघडाच राहतो. बॉनेटमधून गाडीत तार येते त्या भोकाला रबराची चकती बसवली, नाहीतर पत्र्याची धार रोज थोडी थोडी तार कापत जाते. सगळं जोडून झाल्यावर, इन्व्हर्टरचं बटण बंद आहे हे पाहून, अगदी शेवटी फ्यूज घातला. ह्याच वेळी मला जवळ बोलावलं, आणि बांगड्यांचं रामायण घडलं.

जागेवरून मात्र आमचा वाद झाला. मला ते डिकीत हवं होतं, नजरेआड. काका नाहीच म्हणाले. डिकीत सीएनजीची टाकी, तिथं ठिणगीचं काही नको. बॉनेटमध्ये उष्णता. सीटखाली आपण बायका पिशव्या, चपला, जुनी वर्तमानपत्रं कोंबतो, मग त्याला हवा मिळत नाही. शेवटी पुढच्या सीटच्या पाठीला, जमिनीपासून हातभर वर, स्क्रूनं आवळून बसवलं. ब्रेक दाबला तरी उडणार नाही आणि पावसाळ्यात ओल्या छत्र्यांचं पाणी त्याच्यावर गळणार नाही. कारण बाहेर येते ती घरातल्यासारखीच २३० व्होल्टची वीज. ओल्या हाताला तोच झटका.

आणि दोन गोष्टी त्यांनी माझ्याकडून वदवून घेतल्या. एक, इन्व्हर्टरची वायर घरातल्या प्लगात उलटी घालून घर उजळायचा शहाणपणा कधी करायचा नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. दुसरी, इंजिन चालू ठेवायचं तर गाडी उघड्यावर. आपल्याकडे पावसाळ्यात इमारतीखालच्या पार्किंगला चहूबाजूंनी ताडपत्री बांधतात. आत इंजिन चालू ठेवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. माणूस झोपेतच जातो.

दहा मिनिटांच्या वाफेला इंजिन लागतही नाही. चौदा-पंधरा अँपियर दहा मिनिटं, म्हणजे अडीच अँपियर-तास; आमची बॅटरी पस्तीसची. दोनदा वाफ घेतली तरी गाडी सुरू होते.

हे सगळं सांगायचं खरं कारण वेगळंच आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. झाडं पडली, खांब वाकले, पुन्हा अंधार. दिवस कोरोनाचे. ह्या वेळी सासूबाई ऐटीत गाडीत बसून वाफ घेऊन आल्या. ते समोरच्या विंगमधल्या काकूंनी पाहिलं. त्यांचे यजमान कोरोनातून उठले होते, पण रात्री त्यांना भाड्यानं आणलेल्या ऑक्सिजनच्या यंत्रावर ठेवावं लागे. काकू आल्या त्या हात जोडूनच. "तुमच्या गाडीवर आमचं यंत्र लावा हो. रात्रीपुरतं."

ह्यांनी किल्ली उचललीच. मी म्हटलं, "थांबा, चिठ्ठी बघू."

३५० वॅट. म्हणजे पस्तीस अँपियर. आमचा इन्व्हर्टर ३०० चा. समजा मोठा असता, तरी आमची बॅटरी तासाभरातच रिकामी. इंजिन रात्रभर चालू ठेवलं तर धूर तळमजल्याच्या खिडक्यांत. आणि पहाटे तीनला ते आपोआप बंद पडलं, सगळे झोपलेले असले, तर? मी काकूंना नाही म्हटलं. माझा आवाज कापत होता. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्या सासूबाईंकडे बघत राहिल्या. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता: तुमच्या माणसाला वीज, आमच्या माणसाला हिशेब.

मग डॉक्टरांना फोन लावला. बोटावरच्या यंत्रात आकडा ९३ होता. बसून, हळूहळू नेता येईल म्हणाले, पण वीज असेल तिथं लगेच न्या. त्यांच्या लेकीच्या इमारतीत, विरार पूर्वेला, जनरेटर होता. वाटेत एक झाड आडवं पडलेलं, गल्लीबोळांतून वळसे घालत, दोघांना आणि त्यांच्या यंत्राला ह्यांनी आमच्याच गाडीतून पोचवलं. साडेदहाला काकूंचा फोन आला, यंत्र सुरू झालं म्हणून. तोवर मी देवापाशी बसून होते.

काका बरे झाले. काकू मात्र दिवाळीपर्यंत माझ्याशी तुटक वागल्या. मग एक दिवस आगाशीची सुकेळी घेऊन आल्या आणि बसता बसता म्हणाल्या, "आमच्या जावयानं गाडीला तुमच्यासारखाच इन्व्हर्टर घेतलाय. मिक्सर लावणार म्हणतो."

"किती वॅटचा?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"मिक्सर की इन्व्हर्टर?"

"दोन्ही," असं म्हणत सासूबाई चष्मा लावून बाहेर आल्या.