सागरी मार्गावरील एक सायंकाळ

अमेरिकेंत फ्लॉरिडा प्रांताची भूमि जेथें संपते, तेथून बेटांची एक माळ नैर्ऋत्येस की वेस्टपर्यंत गेलेली आहे. हेन्री फ्लॅगलर यांची आगगाडी या बेटांवरून १९१२ सालीं की वेस्टला पोहोंचली, आणि १९३५ च्या तुफानांत तिचा मार्ग उद्ध्वस्त झाला. तिच्याच पुलांच्या आधारें बांधलेला मोटारींचा रस्ता १९३८ सालीं खुला झाला. दोहों अंगांस पाणी आणि मधून ही चिंचोळी वाट; दिवसा पाहतांना डोळ्यांचें पारणें फिटतें. तिजवरून रात्रीं मागच्या दिव्यांविना जाण्याची पाळी आम्हांवर येऊं घातली होती, ती हकीकत सांगावयाची आहे.

मियामीस राहणाऱ्या आमच्या पुतण्याची एक लहानशी नौका आहे. ती ट्रेलरवर घालून मोटारीमागें न्यावयाची, धक्क्याच्या उतारावरून ट्रेलर पाण्यांत लोटून सोडावयाची व परततांना तशीच वर घ्यावयाची, असा तिकडील प्रघात. डिसेंबरांत एके दिवशीं मॅरेथॉन गांवीं मनसोक्त नौकाविहार करून सायंकाळीं निघालों. ट्रेलरचा प्लग मोटारीस जोडून पाहतों, तों डावीकडे वळण्याची खूण दिली कीं डावा दिवा कसाबसा मिणमिणे आणि उजवाही त्याच्या जोडीनें लुकलुके!

पुतण्यानें दोन्ही बल्ब बदलले, फरक नाहीं. मोटारीचे दिवे मात्र लख्ख होते. "काका, हळूहळू जाऊं. मागचे लोक पाहतील कीं," तो म्हणाला. मियामी शंभरांहून अधिक मैल दूर, गाडींत सूनबाई आणि दोन मुलें. आम्हीं स्पष्ट नको म्हटलें. थोडी बोलाचालीही झाली. दिवसभर त्यानेंच आमची हौस पुरविली होती, म्हणून तें आम्हांसही लागलें.

शेजारीं मासे साफ करीत बसलेला एक वृद्ध कोळी उठून आला. बल्बांकडे त्यानें ढुंकूनही पाहिलें नाहीं. ट्रेलरला चार तारा येतात: तपकिरी नेहमींच्या तांबड्या दिव्यांची, पिवळी डाव्या व हिरवी उजव्या खुणेची (ब्रेकची खूणही याच दोघींवर), आणि पांढरी ती वीज माघारीं नेणारी. पांढरी तार ट्रेलरच्या सांगाड्यास स्क्रूनें आवळलेली असते. हा सांधा खाऱ्या पाण्यानें खराब झाला, कीं डाव्याची वीज परतीसाठीं उजव्याच्या घरांत शिरते. कधीं ती ट्रेलर अडकविण्याच्या गोळ्यांतून वाट काढते. मग गचक्यागणिक दिवा विझतो नि लागतो. म्हाताऱ्यानें तारेच्या एका लांब तुकड्यानें सांगाडा व मोटारीचें उघडें लोखंड जोडलें मात्र, दोन्ही दिवे झळकले!

स्क्रू काढला, तों तारेचें टोंक हिरवें कळकलेलें. तें आणि खालचें लोखंड चाकूनें घासून पुन्हा आवळलें. दहा मिनिटांचें काम! जातांना त्यानें बजावलें, कीं ट्रेलर पाण्यांत लोटण्यापूर्वीं प्लग काढावा. तापलेले बल्ब गार पाण्यानें तडकतात. बंदिस्त एलईडी दिव्यांस ती भीति नाहीं, पण सांधा त्यांनाही चुकत नाहीं. प्लगची गोष्ट ऐकून पुतण्या ओशाळला.

सूनबाई अंधारांत मागें उभ्या राहून "डावा! उजवा! ब्रेक!" असें मोठ्यानें सांगत होत्या, आणि मुलें दर हांकेला टाळ्या पिटत होतीं.

पुढें बराच वेळ पुतण्या बोलला नाहीं. लाँग कीच्या पुलावर "काका, दिवे आहेत ना, पाहतां का जरा?" एवढेंच म्हणाला. आम्हीं वळून पाहिलें. नौकेआड दिवे दिसत नव्हते. परंतु पुलाच्या कठड्यावरून एक तांबूस उजेड आमच्या मागोमाग येत होता.