दोर ओढतो, अडवत नाही

बंद पडलेली गाडी ओढणे हे ताकदीचे काम आहे, असे आपल्याकडे समजतात. खरी अडचण थांबण्याची असते. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदतही बंद होते. दोन-तीनदा पाय दाबला की पेडल दगडासारखे घट्ट. पॉवर स्टिअरिंगही जड होते. सपाटीवर पायाचा सारा जोर लावून निभावते. उतारावर भरलेली गाडी स्वतःच पुढे धावते, दोर सैल पडतो आणि ती पुढच्या गाडीवर आदळते. तिथे लोखंडी दांडा हवा, नाहीतर क्रेन.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. वलीम्याच्या देगा आणि तांदळाची पोती भरलेली मेहुण्यांची पिकअप आंबा गावाच्या थोडी अलीकडे बंद पडली. मेहुण्यांचा हिशोब सरळ होता : आमच्या जीपला दोर बांधायचा, घाट उतरायचा, साखरप्याला मिस्त्री गाठायचा. पिकअपवर भाचा बसणार. वय 19, लायसन्स नवे.

आम्ही नाही म्हटले.

"भाईजान, उद्या दुपारी 200 माणसं जेवायला येणार आहेत," मेहुणे चिडून म्हणाले. चिडणे साहजिक होते. भाचा खाली बघत उभा. बापापुढे तो काय बोलणार?

गावापर्यंत मोठा उतार नव्हता, तेवढेच ओढायचे ठरले. दोर बंपरला नव्हे, चासीच्या हुकाला बांधला. नियमाप्रमाणे दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि मागे 'ऑन टो' अशी पाटी हवी. पाटी पुठ्ठ्यावर लिहिली. मास्तरांच्या खिशात मार्कर असतोच. दोराला बहिणीची लाल ओढणी बांधली, मधोमध जाड गोणी टाकली. तुटलेला दोर चाबकासारखा उलटतो, म्हणून बायकामुलांना लांब उभे केले. पिकअपवर मेहुणे स्वतः बसले. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली चालू. दोर ताणलेला राहावा यासाठी ते मागून हलका ब्रेक देत राहिले. जीप 20 च्या वर नेली नाही.

गावात देगा दुसऱ्या टेम्पोत चढवल्या, त्या फजरच्या आधी रत्नागिरीला पोचल्या. पिकअप दुसऱ्या दिवशी क्रेनने घाट उतरली. क्रेनवाल्याने पैसे दाबून घेतले. मेहुणे अजून ते ऐकवतात.