भेंडीच्या वावरातले पाहुणे

आमचे वावर कंधार तालुक्यात, मन्याड नदीच्या खोऱ्यात आहे. जमीन दोन एकर, काळी. बहुतेक पऱ्हाटी आणि विहिरीजवळ दहा गुंठे भेंडी. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, भेंडीचा दर बाजाराला. म्हणून तेल-मीठ आणि आमच्या वह्या-पेन्सिली भेंडीवरच. पण मित्रमैत्रिणींनो, ही भेंडी आपल्या आधी खाणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा हंगाम ठरलेला आहे.

पाऊस पडून लावण झाली, रोपे चार पानांवर आली की तुडतुडे हजर. हिरवट रंगाचे, तांदळाच्या कणीएवढे. पान उलटले की तिरके पळतात, बघायला मजा वाटते. पण पोळ्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली की त्यांची फौज होते. पानांच्या कडा वर वळून पिवळ्या-तांबूस पडतात. ढगाळ हवेत मावा चिकटतो. त्याला खायला ढालकिडे येतात, त्यांना कोणी मारू नये.

खरी वैरीण अळी. भादव्यात कोवळा शेंडा मान टाकतो. चिरून पाहिला तर आत ही बसलेली! फळे लागली की फळात शिरते, भेंडी वाकडी होते. गुरुजींनी सांगितले की कापूस आणि भेंडी एकाच कुळातले, म्हणून हीच ठिपक्यांची अळी कापसाची बोंडेही पोखरायची. २००२ साली बीटी कापूस आला, तशी तिकडे ती कमी झाली. भेंडीला ते कवच नाही.

उन्हाळी भेंडीवर पांढरी माशी जोर करते. ती रस पिते त्याहून वाईट म्हणजे हळद्या रोग पसरवते. पानाच्या शिरा पिवळ्या, मग फळही पिवळे. या रोगाची नोंद मुंबई इलाख्यात १९२४ सालीच झाली होती. 'पुसा सावनी' हा वाण आधी त्याला टिकायचा, पुढे टिकेना. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने दुसऱ्या जातीशी तिचा संकर करून 'परभणी क्रांती' काढली.

यंदा दसऱ्याआधी निम्मा माल किडका निघाला. दुकानातून जहाल औषधाची बाटली आली. दुसऱ्या दिवशी बाजार. अण्णा म्हणाले, "आज फवारू, उद्या तोडू."

माय म्हणाली, "घरच्यासाठी दोन ओळी बिनफवाऱ्याच्या ठेवता. मग लोकाच्या लेकरानं काय केलं?"

अण्णा काही बोलले नाहीत. फवाराही मारला नाही.

आम्ही सुकलेले शेंडे खुडले, किडक्या भेंड्या खड्ड्यात पुरल्या. आखाडात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या होत्या. एक किलो कुटून रात्रभर पाण्यात भिजवल्या, सकाळी फडक्याने गाळून एकूण वीस लिटर पाणी केले. वास असा की जेवण जाईना! त्या बाजाराला एकच पाटी गेली आणि वह्या उधारीवर आणाव्या लागल्या. पुढे दर आठवड्याला हेच केले. पंधरा दिवसांनी वाकड्या भेंड्या कमी निघू लागल्या, पण अळी पुरती गेली नाही.

बाटली अजून छपराच्या वाशाला बांधलेली आहे. अण्णा म्हणतात, "उन्हाळ्यात बघू." माय तिकडे बघतही नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी