शिष्यवृत्तीवाला कारकून आणि बेटांवरचे मजूर

कारकून झाला की माणूस संपला, असे आमच्या कचेरीत गमतीने म्हणतात. मला ही गंमत कधीच रुचली नाही. तिला चोख उत्तर आहे ते वेस्ट इंडिजमध्ये. हे नाव क्रिकेटमुळे आपल्या पोरांना पाठ असते, पण तेथे घाम कोणी गाळला हे सहसा कोणी सांगत नाही.

सेंट लुसिया हे तिथले एक लहानसे बेट. मळ्यांवर राबवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज तेथे बहुसंख्य. त्यांच्यातच १९१५ साली आर्थर लुईस जन्मले. आईवडील शिक्षक. आर्थर सात वर्षांचे असताना वडील वारले आणि पाच मुलांचा संसार आईने एकटीने ओढला. मुलगा इतका हुशार की चौदाव्या वर्षीच शाळा संपवून बसला! पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला वय कमी पडले, म्हणून सरकारी कारकुनी पत्करली. लिहिणे, टाईप करणे, फाईली नीट लावणे हे आपण त्या नोकरीत शिकलो, असे त्यांनी पुढे स्वतः नमूद केले आहे.

१९३२ साली शिष्यवृत्ती मिळाली. मनात इंजिनियर व्हायचे होते. परंतु काळ्या इंजिनियरला ना सरकार नोकरी देणार, ना गोऱ्यांच्या कंपन्या. तेव्हा १९३३ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, तेही बी. कॉम.ला! ज्या संस्थेत शिकून बाबासाहेब १९२३ साली डी. एस्सी. झाले, तीच ही संस्था.

लंडनमध्ये त्यांचा अभ्यास चालला असताना तिकडे बेटे पेटत होती. त्याचे मूळ जुने आहे. १८३४ साली ब्रिटिशांनी गुलामी रद्द केली आणि दोन कोटी पौंड भरपाई दिली. कोणाला? गुलामांना नव्हे, मालकांना. वर १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबण्याची सक्तीही होतीच. मग मळ्यांवर आपल्या देशातून करारावर मजूर नेले. १८४५ ते १९१७ या काळात एकट्या त्रिनिदादला सुमारे १ लाख ४४ हजार माणसे गेली, बहुतेक आजच्या बिहार-उत्तर प्रदेशातली. इतके होऊनही १९३० नंतरच्या मंदीत कामगाराच्या नशिबी तुटपुंजी मजुरी आणि बेकारीच आली.

जून १९३७ मध्ये त्रिनिदादच्या तेल कामगारांनी युराया बटलर यांच्या पुढारीपणाखाली संप केला. त्यातून तेल कामगारांची युनियन उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष एड्रियन कोला रियेन्झी. हे मूळचे कृष्ण देवनारायण, भारतीय मजुरांच्या वंशातले वकील. ऊस कामगारांच्या युनियनचेही अध्यक्ष तेच. तेलात मुख्यतः काळे आणि उसात मुख्यतः भारतीय, अशी विभागणी असताना दोन्हीकडे एकच पुढारी! मला तर ही गोष्ट संपाहून मोठी वाटते. मे १९३८ मध्ये जमैकात फ्रोमच्या साखर कारखान्यावर पोलिसांनी गोळीबार केला, चौघे ठार झाले. त्याच महिन्यात किंग्स्टनची गोदी बंद पडली.

सत्ताधारी याला दंगा म्हणत होते. लुईस यांनी १९३९ साली फेबियन सोसायटीसाठी एक पुस्तिका लिहिली आणि हा कामगार चळवळीचा जन्म आहे असे ठणकावले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि ज्या संस्थेत शिकले तेथेच शिकवू लागले होते.

ही हकीकत मी आमच्या वस्तीतल्या एका मुलीला सांगितली. ती बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत म्हणून कॉलेजने हॉल तिकीट अडवले होते, आणि ती कपड्याच्या दुकानात कामाला लागण्याच्या बेतात होती. तिला धीर यावा हा माझा हेतू. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, त्या बेटावर ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली नाही, त्यांचं काय झालं?"

काय झाले असणार? बहुतेक जण कारकूनच राहिले असतील, किंवा गोदीत गेले असतील. हुशार एकटे लुईसच होते असे थोडेच आहे!

जमैकात मोना येथे १९४८ साली ३३ विद्यार्थ्यांवर विद्यापीठाचे कॉलेज सुरू झाले, तेही जुन्या उसाच्या मळ्यांच्या जमिनीवर. १९५९ साली लुईस त्याचे प्राचार्य झाले आणि १९६२ मध्ये स्वतंत्र वेस्ट इंडिज विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९६० साली त्रिनिदादलाही शाखा निघाली. शिकायला लंडनचीच बोट गाठली पाहिजे, हे बंधन सुटू लागले. १९७९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला नोबेलपेक्षा या विद्यापीठात अधिक दिसते.

आम्ही वस्तीत वर्गणी काढली. कोणी पन्नास दिले, कोणी पाचशे. एका धुणीभांडी करणाऱ्या मावशीने दोनशे आणून दिले, पावतीही घेतली नाही. मुलगी परीक्षेला बसली. शिष्यवृत्ती नंतर आली, तेव्हा तिने सगळी वर्गणी परत आणून दिली. ती आता पुढच्या मुलांसाठी वेगळ्या खात्यात ठेवली आहे.

रविवारी वंदनेनंतर विहारात आम्ही फॉर्म भरून देतो. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका व पासबुक आणावे. आधार बँकेच्या खात्याशी जोडले आहे की नाही, हे आधीच पाहून घ्यावे. पैसे बहुधा तेथेच अडकतात.