पांढरा कुठे थांबतो

पूलच्या टेबलावर रंगीत चेंडू पंधरा असोत की नऊ, क्यूचे टोक ज्याला लागते तो पांढरा चेंडू एकच असतो, आणि खेळातले सारे कसब त्याच्याभोवती फिरते. नवखा प्रेक्षक रंगीत चेंडूमागे नजर लावून बसतो. तो पॉकेटात पडला की टाळी वाजवतो. मुरलेला प्रेक्षक त्या क्षणी भलतीकडेच पाहत असतो. चेंडू पडणार हे त्याने खेळाडू वाकला तेव्हाच गृहीत धरलेले असते. पांढरा कुशनला लागून किती मागे येतो, कुणाच्या अंगाला न घासता गर्दीतून कसा निसटतो आणि कुठे थांबतो, एवढेच त्याला बघायचे असते. एकाच शॉटचे हे दोन साक्षीदार घरी जाऊन दोन वेगळ्या हकिकती सांगतात.

पूर्ण मापाच्या पूल टेबलाची खेळण्याची जागा 100 इंच लांब आणि 50 इंच रुंद. चेंडू सव्वादोन इंची, वजनाला 170 ग्रॅमच्या आत. सामग्री इतकीच. कॅरमवर वाढलेल्या मराठी माणसाला वाटते, हे तर ओळखीचेच: कोपऱ्यातली भोके, कट, रिबाउंड. पण स्ट्रायकर घसरतो आणि चेंडू गडगडतो, या एका फरकाने सगळे गणित बदलते. सोंगटीला लागल्यावर स्ट्रायकर कुठे जाईल हे मुख्यतः कोन आणि जोर ठरवतात. चेंडूच्या पोटात मात्र फिरकी साठवता येते. मध्याच्या वर मारले तर तो समोरच्याला लागूनही पुढे जात राहतो, याला फॉलो म्हणतात. मध्याखाली मारले तर लागून मागे फिरतो, तो स्क्रू. समोरासमोर टक्कर होताना अंगात कुठलीच फिरकी नसेल, तर तो जागच्या जागी उभा राहतो. हा तिसरा प्रकार दिसायला सगळ्यांत साधा आणि लांबवरून करायला सगळ्यांत फसवा. चेंडू जाताना कापडाला घासतो आणि दिलेली उलटी फिरकी वाटेतच झिजत जाते. ती नेमकी टक्करीच्या क्षणी संपावी इतकीच द्यायची असते. कंजूषपणा केला तर पांढरा पुढे सरकतो, उदारपणा केला तर मागे येतो. पावसाळ्यात कापड ओल धरते, चेंडू जड चालतात आणि हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

ही फिरकी शक्य झाली ती कातड्याच्या चकतीमुळे. क्यूच्या उघड्या लाकडी टोकाने कडेला मारले की ते निसटते. त्यावर कातडे बसवण्याचे श्रेय 19व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मिंगो नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला दिले जाते. ही कल्पना त्याला कैदेत असताना सुचली असे सांगतात. 1827 साली बिलियर्ड्सच्या शॉट्सवरचे त्याचे पुस्तक निघाले. पुढे 1835 मध्ये कोरिऑलिस या फ्रेंच गणितज्ञाने चेंडूंच्या हालचालींवर अख्खा ग्रंथ लिहिला. वाऱ्यांच्या वळण्याला ज्याचे नाव आहे तोच हा कोरिऑलिस. फिरकी दिलेला चेंडू टक्करीनंतर आधी वक्र वाटेने जातो आणि मग सरळ होतो, हे त्याने गणिताने दाखवून दिले. टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला ते वळण उघड्या डोळ्यांनी दिसते. पहिल्यांदा दिसते तेव्हा कापडाखाली कुणी उतार केला असावा अशी शंका येते.

कसबाचे सगळ्यांत ठळक रूप म्हणजे करामतीचे शॉट. क्यू जवळपास उभा धरून चेंडूच्या कडेवर वरून ठोकला की पांढरा अडथळ्याला वळसा घालून येतो. या प्रकाराचे नाव मासे. ते फ्रेंचमधून आले, कोळीवाड्यातून नव्हे. अमेरिकेचा माइक मॅसी पांढऱ्याला एवढा स्क्रू देई की चेंडू मागे येऊन टेबलाच्या कडेवरून उडत खाली ठेवलेल्या बुटात जाऊन पडे. असे प्रयोग पाहणाऱ्याला हमखास आवडतात आणि त्यात खोट काहीच नाही. मनगटाची ती ताकद खरीच असते. पण चेंडू कुठे ठेवायचे हे करामत करणारा स्वतः ठरवतो. फसला तर पुन्हा मांडता येते. सामन्यात मांडणी प्रतिस्पर्धी करतो, किंवा नशीब करते, आणि संधी एकदाच मिळते. म्हणूनच जाणकारांच्या आठवणींत बुटात पडलेल्या चेंडूला जागा असते, पण ती ओसरीवर. माजघरात दुसरेच शॉट बसलेले असतात.

ब्रेकची गोष्ट निराळी. खेळ सुरू करताना त्रिकोणात किंवा चौकटीत रचलेले चेंडू फोडायचे असतात. मातब्बर खेळाडूचा पांढरा ताशी 30 किलोमीटरहून अधिक वेगाने जातो, आणि तो आवाज कोरड्या लाकडाच्या ढलप्या उडाव्यात तसा येतो. टीव्हीवर तो कधीच पुरता पोचत नाही. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातला शेन व्हॅन बोनिंग हा आजच्या काळातला ब्रेकचा मोठा उस्ताद. 2022 मध्ये त्याने नऊ चेंडूंच्या नाइन-बॉल या प्रकाराचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्याला जन्मापासून ऐकू कमी येते आणि खेळताना तो श्रवणयंत्र बंद ठेवतो. सभागृह दचकते, तो दचकत नाही. मात्र त्या धडाक्यातही पाहण्याजोगी चीज वेगळीच असते. नऊ चेंडू सैरावैरा धावत असताना पांढरा किंचित उसळून मागे येतो आणि टेबलाच्या मध्यभागी, जणू इथेच बसायचे ठरले होते, असा बसतो.

त्यानंतर येते सुटका. नाइन-बॉलमध्ये टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला पांढऱ्याने आधी स्पर्श केलाच पाहिजे. चुकले तर फाउल, आणि प्रतिस्पर्धी पांढरा उचलून हवा तिथे ठेवू शकतो. तो लहान आकड्याचा चेंडू इतरांच्या आड गेला, तर सरळ वाट बंद होते आणि कुशनवर आपटून वळसा घ्यावा लागतो. याला किक म्हणतात. या कलेतले सर्वांत गाजलेले नाव फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसचे. 1954 साली पाम्पांगा प्रांतात जन्मलेला हा मुलगा मनिलात काकाच्या पूल हॉलमध्ये वाढला. उंची पुरत नसे म्हणून शीतपेयांच्या खोक्यांवर उभा राहून खेळे आणि रात्री टेबलावरच झोपे. 1985 मध्ये तो अमेरिकेत ह्यूस्टनला सेझर मोरालेस या उसन्या नावाने उतरला आणि तिथली स्पर्धा जिंकून गेला. नाव उसने होते. हात लपवता आला नाही.

त्याचा सर्वाधिक सांगितला जाणारा शॉट 1995 मधला, नेवाडातल्या रीनो शहरी झालेल्या सँड्स रीजन्सी ओपनच्या अंतिम सामन्यातला. समोर अर्ल स्ट्रिकलंड, हाही त्या पिढीतला अव्वल खेळाडू. 13 डाव जिंकणारा विजयी, आणि गुणफलक 12–12. शेवटच्या डावात 5 क्रमांकाच्या चेंडूकडे जायची सरळ वाट रेयेसला नव्हती. एरवीचा खेळाडू इथे एवढीच आशा धरतो की कसाबसा स्पर्श व्हावा आणि समोरच्याला फार सोपे पडू नये. रेयेसचा पांढरा निघाला, एका कुशनला लागला, टेबल तिरका कापून दुसऱ्या कुशनला लागला, पुन्हा तिरका उतरला आणि 5ला भिडला. इंग्रजी झेड अक्षर गिरवावे तशी ती वाट. शॉटलाही पुढे तेच नाव पडले. 5 पॉकेटात गेला. पांढरा पुढच्या 6साठी सोयीच्या जागी थांबला. तिथून डाव साफ, आणि सामना रेयेसचा.

या शॉटविषयी नेहमी एक शंका काढली जाते: यात नशीब किती? थोडे असेलच. दोन कुशनांचा वळसा घेऊन चेंडू नेमका पॉकेटात घालणे हे हुकमी काम नव्हे. पण कुठल्या कुशनवर किती साइड, म्हणजे आडवी फिरकी, दिली की पांढरा किती अंशांनी उघडतो, आणि मग त्याच्यात किती दम उरतो, हे त्या माणसाच्या अंगात मुरलेले होते. फिलिपिन्समध्ये तो क्रमाने पंधराही चेंडू घालण्याचा रोटेशन हा प्रकार खेळत मोठा झाला, आणि कुशनांच्या हिशेबावर चालणारा कॅरम बिलियर्ड्सही त्याने भरपूर खेळला होता. नशिबाला यायचे असेल तर दार उघडे ठेवणे, एवढे तरी हुकमी होते. आणखी एक बाब टाळ्यांच्या गजरात बुडून जाते. असा शॉट खेळायची वेळ यावी, याचा अर्थ डाव आधी कुठेतरी हातून निसटलेला असतो.

ज्याच्यावर अशी वेळच येत नाही, त्याचा खेळ पाहायला वेगळा धीर लागतो. अमेरिकन विली मॉस्कोनी हा अशा खेळाचा मेरुमणी. फिलाडेल्फियात वडिलांचा पूल हॉल होता. पोराने खेळू नये म्हणून वडील चेंडू कुलपात ठेवत, तर पोरगा बटाटे घेऊन झाडूच्या दांड्याने सराव करी. 1941 ते 1957 या काळात त्याने 15 जागतिक विजेतेपदे मिळवली. त्याचा प्रकार स्ट्रेट पूल. यात कुठलाही चेंडू आधी सांगून घालायचा, प्रत्येकाचा एक गुण. 14 संपले की पंधरावा टेबलावर तसाच राहतो आणि बाकीचे 14 पुन्हा रचले जातात. मग त्या एकट्या राहिलेल्याला घालता घालताच पांढऱ्याने नव्या ढिगात घुसून तो फोडायचा. त्यासाठी तो शेवटचा चेंडू आणि पांढरा दोघेही ढिगाजवळ योग्य जागी उरतील अशी तजवीज तीन-चार शॉट आधीच करावी लागते. जेवणाच्या पंगतीत शेवटची वाढप आधीपासून राखून ठेवणाऱ्या गृहिणीचे हे गणित आहे.

मार्च 1954 मध्ये ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी एका प्रदर्शनी सामन्यात मॉस्कोनीने सलग 526 चेंडू घातले. एकही चूक नाही, मध्ये कुणाची पाळी नाही. वेळ लागला सुमारे 2 तास 10 मिनिटे, म्हणजे ढीग रचण्याचा वेळ धरूनही दर पंधरा सेकंदांना एक चेंडू. ढीग 37 वेळा तरी नव्याने रचावा लागला असणार. टेबल 8 फुटी होते, स्पर्धेच्या 9 फुटीपेक्षा लहान; हे त्याच्या विक्रमाबरोबर प्रामाणिकपणे सांगायला हवे. या खेळीची चित्रफीत नाही. जे काही उरले ते साक्षीवर. त्या रात्री जमलेल्या लोकांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. जमिनीच्या वादात करतात तसे, पण इथे मालमत्ता म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले दोन तास. पासष्ट वर्षे तो विक्रम त्या सह्यांवर उभा राहिला. मे 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे इथे जॉन श्मिटने 9 फुटी टेबलावर 626 घातले. तिथे साक्षीला कॅमेरा होता.

त्या सह्या करणाऱ्यांना कुठला एक शॉट आठवत असेल, हा प्रश्न गमतीचा आहे. बहुधा कुठलाच नाही. पांढरा दर वेळी फूट-दीड फूट सरकून पुढच्या चेंडूसमोर उभा राहत असेल, प्रत्येक शॉट असा की शेजारी बसलेल्यालाही वाटावे, हा तर मलाही जमला असता. शॉट कठीण दिसू लागला की स्ट्रेट पूलमध्ये तो मागच्या शॉटचा दोष समजतात. 526 नंतर मॉस्कोनीचा जो चेंडू चुकला तो पातळ कटचा, अवघड होता. म्हणजे चूक तिथे झाली नव्हती. ती एक शॉट आधी होऊन गेली होती.

याहूनही मुका प्रकार आहे तो सेफ्टीचा, आणि तो पाहायला रीनो किंवा ओहायोला जावे लागत नाही. तासावर टेबल भाड्याने देणाऱ्या कुठल्याही पूल पार्लरमध्ये, एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी, तो दिसू शकतो. नाइन-बॉलचा डाव शेवटाला आलेला असतो; टेबलावर 7, 8 आणि 9. पाळी असलेल्या माणसाचे केस पांढरे, शर्टाच्या खिशाला निळ्या खडूचा डाग. 7 घालता येईल असा दिसतो, पण पॉकेट लांब आहे आणि चुकला तर समोरच्याला तिन्ही चेंडू मोकळे. तो खडू घासतो. वाकतो, पुन्हा सरळ होतो, टेबलाच्या पलीकडे जाऊन 8च्या मागची जागा पाहतो. मग परत येतो आणि मारतो, तेही इतके हळू की आवाज चहाच्या कपात चमचा लागावा एवढाच. 7 लांबच्या कुशनला टेकून परत येतो. पांढरा चार बोटे, तीन बोटे, दोन बोटे असा रेंगाळत 8च्या पाठीला जवळजवळ चिकटून उभा राहतो. काहीच पडलेले नाही. कुणी टाळी वाजवत नाही. फक्त भिंतीशी बसलेला एकजण जिभेने च्च असा आवाज काढतो, हळहळीचा नव्हे, दादेचा.

समोरचा पोरगा टेबलाभोवती फेरी मारतो. एका बाजूने वाकतो, दुसऱ्या बाजूने वाकतो, कुशनवर बोट टेकवून अंदाज घेतो. त्याची किक 7च्या जवळून जाते आणि बोटभर अंतराने हुकते. म्हातारा पांढरा उचलतो, हवा तिथे ठेवतो आणि 7, 8, 9 असे तिन्ही सरळ साधे शॉट मारून मोकळा होतो. शेजारच्या टेबलावरची मुले 9 पॉकेटात पडल्याचा आवाज ऐकून तेव्हा कुठे मान वळवतात.