पोळ्याच्या मुलखातून

पांढुर्णा, पोळ्याची आदली रात्र

ती. आईस,


नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने दुपारी पोचले. जिल्हा मध्य प्रदेशातला, दुकानांच्या पाट्या हिंदी, पण ओट्यावरचं बोलणं मराठीच. संध्याकाळी यजमानांच्या गोठ्यात खांदशेकणी झाली. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून पळसाच्या पानाने शेकत होते. यजमान मुलाला म्हणाले, "उजव्याचा खांदा जास्त दुखते, त्याले आणखी लाव." जुवाने पडलेला घट्टा त्यांच्या बोटांना पाठ होता.

जनावरावरची ती माया पाहून मला सासवण्याचे करमरकर आठवले. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर म्हटलं की लोकांना पुण्याचा 1928 सालचा अश्वारूढ शिवाजी आठवतो. एवढं मोठं ब्राँझ एकसंध ओतलं, त्याचं कौतुक आहेच. पण आपण त्यांच्या घरी गेलो तेव्हा तू पुतळ्यांपेक्षा त्या म्हशीपाशीच जास्त वेळ थांबली होतीस. लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेला, थोरामोठ्यांचे पुतळे घडवणारा माणूस गावी येऊन सिमेंटात म्हैस करतो, कुत्रा करतो. ना त्यांना देवाच्या वाहनाचा मान, ना कथेतली भूमिका. म्हैस ती म्हैसच. कोणी सांगितल्यावाचून, पैशांसाठी नव्हे, तेच प्राणी करावेसे वाटणं याला मी प्रेम म्हणते.

पांढुर्णा, पोळा

आज बैल न्हाले. शिंगं रंगली, बेगड लागली, अंगावर झुली चढल्या, कपाळावर बाशिंगं आली. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, झडत्या म्हटल्या गेल्या, पोळा फुटला आणि दारोदारी बैलांना पुरणपोळी मिळाली. एका म्हाताऱ्याने बैलाच्या पाठीवर गेरूचे ठिपके काढले. बैल हलेल तसा त्याचा हात हलत होता. चित्रकला अशीही असते, जनावराच्या कलाने घेणारी.

उद्या इथे जाम नदीत गोटमार. पात्रात पळस रोवतात आणि पांढुर्णा-सावरगावचे लोक त्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. माणसं मेली आहेत त्यात. बैलाचा खांदा शेकणाऱ्या गावाने दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं डोकं फोडावं हे मला पटत नाही. मी थांबणार नाही.

सौंसर, तान्हा पोळा

इथे मुलांचा पोळा पाहिला. चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत पोरं रांगेत आली. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली, असं सांगतात. दुकानातले बैल चकचकीत होते, पण सुताराच्या हातच्या एका बैलाचं वशिंड थोडं एका बाजूला कललेलं. खऱ्या बैलाचंही कधी कधी तसंच असतं. पाहिल्याशिवाय ते जमत नाही.

करमरकरही पाहूनच शिकलेले. लहानपणी गावातल्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी या मुलाला जे. जे. कलाशाळेची वाट दाखवली. शाळेआधीची त्यांची शाळा म्हणजे सासवण्याचं अंगण आणि गोठाच असणार.

आई, माझी वाट पाहू नकोस. मांडव्याच्या रस्त्यावरच तर आहे करमरकरांच्या घरचं ते शिल्पालय. छोट्या चिनूला घेऊन जा आणि तो म्हशीपाशी रेंगाळला तर त्याला घाई करू नकोस.

तुझी,
सुमा